पौष वद्य अष्टमी, दुपारचे साडेतीन

रविवार, 31 जानेवारी 2016, रात्री

पेणच्या खारेपाटात जुन्या माणसाला विचारा, उद्या भरती कधी? तो घड्याळाकडे बघत नाही, तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. उद्या पौष वद्य अष्टमी. आठ पाऊणे सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास सुकती (पूर्ण ओहोटी), संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण खारबांधाच्या उघाडीचं, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेचं, दार कधी मिटेल आणि होडी कधी तरंगेल हे ठरवायला एवढं पुरतं. समुद्र डोळ्यांना दिसत नसला तरी पेणला तो अंतोऱ्याच्या बंदरापर्यंत येतो आणि रोह्याला कुंडलिकेतून वर चढतो. म्हणून ही पाऊणकी इथे अजून टिकून आहे.

रायगडच्या मुरूडला निघालेल्या सहलीच्या कागदावर मात्र बस सुटायची वेळ असते, नाश्त्याची, जेवणाची आणि परत निघायची असते. समुद्राची वेळ त्यात कुणी लिहीत नाही. पुढच्या चोवीस तासांत जे घडलं त्याचं मूळ मला या कागदात दिसतं.

सोमवार, 1 फेब्रुवारी, सकाळी नऊ

पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाची सहल आज मुरूडला निघाली आहे. शंभरावर विद्यार्थी, सोबत शिक्षक. मुलं-मुली विशीच्या आसपासची. घाट उतरून मुरूडला जायच्या मुख्य वाटा दोन. एक पेण-वडखळवरून अलिबाग-रेवदंड्याकडे जाते, दुसरी रोह्यावरून चणेरा-साळावकडे. सोमवार असल्यामुळे दोन्ही वाटांवर शनिवार-रविवारची गर्दी नाही.

याच सुमारास चंद्र नेमका अर्धा झाला आहे. सूर्य आणि चंद्राची ओढ एकमेकींना काटकोनात आली की भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. कोळी याला भांग म्हणतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, भांगाला दीड-दोन मीटरच. पावसाळा संपून चार महिने झालेले, वादळाची बातमी नाही. आजच्या दिवसात घाबरण्यासारखं काहीच नाही, आणि तेच फसवं आहे. उधाणाचा समुद्र माणसाला स्वतःच मागे रेटतो. त्याचा आवाज ऐकूनच आया पोरांचे हात धरतात. भांगाच्या दुपारी किनाऱ्यावर तसं हाकलणारं कुणी नसतं.

दुपारी बारा

सुकती. मुरूडची पुळण लांब, रुंद आणि सपाट. मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, समोर पाण्यात पद्मदुर्ग किल्ला. पाणी मागे गेलं की ओली, घट्ट वाळू इतकी दूरवर उघडी पडते की तिच्यावर क्रिकेट खेळतात. पण तिच्याकडे नीट बघायची खरी वेळ हीच. सपाट वाटणाऱ्या वाळूत किनाऱ्याला समांतर उंचवटे असतात आणि दोन उंचवट्यांमध्ये खोलगट चर. चरात घोटाभर पाणी साचलेलं असतं, त्यात चिमुरडे खेकडे पळतात. मध्येमध्ये उंचवटा तुटलेला असतो आणि तिथून चरातलं पाणी समुद्राकडे वाहत असतं. बारा वाजता हा सगळा नकाशा उघडा असतो. तीन वाजता त्यावर एकसारखं चमकणारं पाणी पसरतं आणि पुण्या-मुंबईहून दुपारी उतरलेल्या माणसाला तो कधी दिसतच नाही.

एक ते दोन

भरती सुरू झाली आहे, पण जाणवत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एकच हिस्सा चढतो. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. पाऊणकीने सुकती बाराला धरली, तर ते दोन तास दुपारी दोन ते चार.

सहलींचा दुपारचा क्रमही याच वेळेत बसतो. प्रवासाने अंग आंबलेलं असतं, जेवण झालेलं असतं, ऊन असतं आणि परत निघायला दोन-तीन तास उरलेले असतात. कुणी मुद्दाम ठरवत नाही, पण पोरं पाण्यात उतरतात ती नेमकी समुद्र सर्वांत वेगाने भरत असताना.

दोन ते साडेतीन

सपाट किनाऱ्यावर मुलं आत जात राहतात, कारण आत गेलं तरी पाणी गुडघ्यापर्यंतच असतं. एक घोळका चर ओलांडतो. तिथे क्षणभर मांडीपर्यंत पाणी लागतं, थोडं हसू, थोडी किंचाळी. पुढे उंचवट्यावर चढलं की पुन्हा गुडघाभर. वाटतं, खोल भाग मागे पडला. इथे फोटो चांगले येतात आणि लाटाही बेताच्या. समुद्राकडे पाठ करून, किनाऱ्याकडे तोंड करून सगळे उभे राहतात.

दीड तासात पाणी हळूहळू हात-दीड हात चढतं. उंचवट्यावर उभ्या माणसाला ते मांडीपर्यंत आल्यासारखं वाटतं, एवढंच. पण मधल्या चरात ते आता छातीच्या वर गेलेलं असतं. म्हणजे खोल पाणी समुद्राच्या बाजूला नाही, परतीच्या वाटेवर आहे. आणि ते स्थिरही नाही. लाटा उंचवट्यावरून पाणी आत टाकत राहतात, ते चरात भरतं आणि जिथे उंचवटा तुटला आहे तिथून समुद्रात परत जातं. या पाण्याला ओढ असते. जोरात असली तर ती सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते. शंभर मीटर पोहण्याच्या जागतिक विक्रमाचा वेग साधारण तेवढाच आहे.

ओढीची जागा ओळखायची खूण उलटी आहे. तिथे लाटा फुटत नाहीत. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्ये गढूळसर, शांत पट्टा. नवखा माणूस डुंबायला नेमका तोच पट्टा निवडतो. ‘भरतीला पाणी किनाऱ्याकडे येतं, मग आत कोण ओढणार?’ असंही बरेच जण म्हणतात. पाण्याची पातळी चढते ते खरं, पण त्याच वेळी तेच पाणी तुटलेल्या उंचवट्यातून जोरात बाहेर जात असतं.

साडेतीन-चारच्या सुमारास

मुरूडच्या किनाऱ्यावर आरडाओरडा सुरू झाला. सहलीतले विद्यार्थी पाण्यात ओढले गेले होते.

बुडणं सिनेमात दिसतं तसं नसतं. नाकातोंडात पाणी गेलेला माणूस ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्यावर पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? हात वर करून हलवतही नाही. हात आपोआप आडवे पसरून पाणी दाबत राहतात आणि माणूस उभाच्या उभा खाली जातो. दहा हातांवर उभ्या मैत्रिणीला ती मस्करी वाटू शकते. अंगावरची जीन्स, सलवार, ओढणी पाणी पिऊन जड होतात. कुणी हात धरायला धावतं, आणि बुडणारा हाती येईल त्याला मिठी मारून खाली दाबतो. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा. सहलीत मरणारे एकेकटे का मरत नाहीत, याचं उत्तर या साखळीत आहे. ती मैत्रीनेच बनते, म्हणून त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही.

इथे हात न देता वस्तू द्यायची असते. पाच लिटरचा रिकामा, बूच लावलेला कॅन, न सोललेला नारळ, दोरी, बांबू, अगदी ओढण्यांची गाठ मारलेली पट्टी, जे तरंगेल किंवा लांब पोचेल ते. आणि जो ओढीत सापडला आहे त्याने किनाऱ्याकडे झगडायचं नसतं. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जायचं. ओढीचा पट्टा रुंदीला फार नसतो. मात्र हा सल्ला पोहणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडच्या कॉलेजच्या सहलीत पोहता येणारे किती असतात, ते बसमध्ये हात वर करायला लावलं तरी कळेल. बाकीच्यांना मर्यादा गुडघ्याची, आणि तीही चर न ओलांडता.

चार ते साडेसहा

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की चार-सहा मिनिटांत इजा सुरू होते. म्हणून अशा वेळी जीव खरा वाचवतो तो जवळ असलेला माणूस. मुरूडलाही आधी धावले ते स्थानिक लोक. मग पोलीस, तटरक्षक दल, नौदलाचं हेलिकॉप्टर. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा, पण मुंबईहून हेलिकॉप्टर येतं तेव्हा ते बहुधा शोधायला येतं. वाचवण्याची मिनिटं तोवर गेलेली असतात.

साडेसहाला सूर्य बुडाला. पाऊणकीची भरती त्याआधी सहालाच पूर्ण झाली होती. दुपारी क्रिकेट खेळता आलं असतं तिथे आता पाणी होतं.

रात्र आणि पुढे

मृतांचा आकडा वाढत गेला आणि अखेर 14 वर थांबला. त्यांत बहुतांश मुली होत्या.

पुढचे दिवस नेहमीच्या वळणाने गेले. जबाबदारी कुणाची, शिक्षकांची की प्रशासनाची, जीवरक्षक का नव्हते, फलक होते का, यावर बोलणं झालं. हे प्रश्न रास्त आहेत. जीवरक्षक हवेतच. पण फलकाबद्दल मला शंका आहे. ‘समुद्र धोकादायक आहे’ हे वर्षाचे 365 दिवस सांगणारा फलक कुणी वाचत नाही. ‘आज सुकती बाराला, दोन ते चार पाण्यात उतरू नका’ असं खडूने रोज लिहिलेली काळी पाटी वाचली जाईल. ती मुरूडलाच लावायला हवी असंही नाही. पेणला पापड-पोह्यांसाठी गाड्या थांबतात, वडखळला चहाला थांबतात, रोह्याला डिझेल भरतात. त्या टपरीवाल्याला तिथी माहीत असते. ड्रायव्हरने चहा पिता पिता विचारलं तर तो फुकट सांगेल.

शनिवार, 15 एप्रिल 2017

सव्वा वर्षही झालं नव्हतं. बेळगावच्या मराठा मंडळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरले. 8 जण बुडाले. पावसाळा पुन्हा दूर होता, वादळ नव्हतं, दिवस लख्ख होता. चैत्र वद्य चतुर्थी. चार पाऊणे तीन.