घर कशाने उभे राहते?

पोटाला चिमटा घेतला की घर होते, असे आपले वडीलधारे सांगत आले. तूप कमी करावे, लग्न आटोपशीर करावे, मोठे बिऱ्हाड सोडून एका खोलीत यावे. खानदेशच्या इतिहासाकडे पाहता या उपदेशाला एक पुस्ती जोडावी लागते.

1803 च्या दुष्काळात धुळे ओस पडले होते. ते पुन्हा वसले, तरी 1819 साली तेथे अवघी 401 घरे आणि 2,509 माणसे होती. इंग्रजी अंमलातील पहिले अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी तेथे मुख्य ठाणे केले आणि नवी पेठ आखली. घरांसाठी कायमच्या बिनसाऱ्याच्या जागा दिल्या. पक्के घर बांधणाऱ्यास, मग तो गावचा असो वा परगावचा, सरकारातून उचलही दिली. यात धर्मादाय थोडा, राज्यकर्त्याचा हिशेब अधिक. पण पेठ उभी राहिली, हे खरे.

पुढे 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवीच्या काळात खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध सरले, भाव कोसळला. असल्या चढउतारात पै-पै साठवणाऱ्याने कोणत्या भरवशावर पाया खणावा? 1882 साली टपाल खात्याची बचत बँक निघाली. तेथे पैसा सुरक्षित राही, पण घरासाठी कर्ज मिळत नसे. चार जणांच्या शिलकेतून पाचव्याला कर्ज देण्याची कायदेशीर सोय 1904 च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने झाली, आणि तीही आधी मुख्यतः शेतीसाठी. धाब्याच्या घराची माती फुकट मिळे. तुळईचे सागवान आणि खालची जागा मात्र विकतच घ्यावी लागे.