सजीवसृष्टीपूर्वीची साखर

साखर म्हटली की ऊस किंवा माड आठवतो. परंतु पृथ्वीवर एकही वनस्पती नव्हती, तेव्हाही शर्करा तयार झाल्या असाव्यात, असे रसायनशास्त्रज्ञ मानतात. हा प्रश्न गोडीचा नसून जीवसृष्टीच्या उगमाचा आहे. आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या आरएनए या रेणूचा कणा रायबोज ही पाच कार्बनांची शर्करा आणि फॉस्फेट यांनी बनतो. रायबोज नसते, तर आरएनएही नसता.

रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र बुतलेरोव्ह यांनी 1861 मध्ये फॉर्माल्डिहाइडवर चुन्याच्या निवळीची प्रक्रिया केली आणि त्यांना गोड पाक मिळाला. या अभिक्रियेस पुढे ‘फॉर्मोज’ हे नाव पडले. एका कार्बनाचे रेणू जोडले जाऊन तीत दोन, तीन, चार, पाच आणि सहा कार्बनांच्या शर्करा बनत जातात. आद्य पृथ्वीच्या वातावरणात सूर्याच्या अतिनील किरणांमुळे फॉर्माल्डिहाइड तयार होऊन ते पावसाबरोबर खाली येत असावे, असा अंदाज आहे.

अडचण यापुढची आहे. गूळ करताना आच आवरली नाही, तर काहील करपते. फॉर्मोज अभिक्रियाही वेळीच न थांबल्यास तिचे काळपट डांबर होते. तत्पूर्वी मिळणाऱ्या अनेक शर्करांच्या मिश्रणात रायबोज अत्यल्प असते आणि तेही टिकत नाही. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार उदासीन द्रावणात 100 अंश सेल्सियसला निम्मे रायबोज 73 मिनिटांत नष्ट होते. शून्य अंशाला मात्र त्यास 44 वर्षे लागतात. म्हणजेच साखर घडणे सोपे, टिकणे कठीण.

यावर स्टीव्हन बेनर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये एक मार्ग सुचविला. सोनार डाग देताना टाकणखार वापरतात. त्या वर्गातील बोरेट खनिजे रायबोजला घट्ट धरून ठेवतात आणि त्याचे विघटन मंदावते. लडाखमधील पुगा खोऱ्यात गरम झऱ्यांभोवती आजही टाकणखार साचतो. आद्य पृथ्वीवर बोरेट पुरेसे होते काय, याविषयी मात्र मतभेद आहेत. जॉन सदरलँड यांच्या गटाने 2009 मध्ये वेगळीच वाट दाखविली: सुटे रायबोज न वापरताही आरएनएचे घटक घडविता येतात.

काही शर्करा अंतराळातूनही आल्या असतील. ऑस्ट्रेलियात 1969 मध्ये पडलेल्या मर्चिसन उल्केत रायबोज असल्याचे योशिहिरो फुरुकावा यांच्या गटाने 2019 मध्ये दाखविले. 2023 मध्ये पृथ्वीवर आणलेल्या बेन्नू लघुग्रहाच्या मातीतही याच संशोधकांना रायबोज आणि ग्लुकोज आढळले; डीएनएतील डीऑक्सिरायबोज मात्र सापडले नाही. आरएनए आधी आणि डीएनए नंतर, या मतास त्यामुळे बळ मिळते.

यांपैकी कोणताही मार्ग निर्णायक ठरलेला नाही. मात्र शोधाचा रोख बदलला आहे. साखर कशी झाली, एवढेच आता पाहिले जात नाही. ती कोणत्या खनिजाच्या, कोणत्या थंडाव्याच्या आधाराने तगली, हा आजचा प्रश्न आहे.