कमी विजेत खणखणीत आवाज

सिंदफणेकाठच्या माजलगाव परिसरात अखंड हरिनाम सप्ताहाचा मांडव पडला, की विणेकरी-टाळकऱ्यांइतकाच महत्त्वाचा ठरतो तो कोपऱ्यात बसलेला साउंडवाला. २००० नंतरच्या दशकात भारनियमनामुळे ग्रामीण मराठवाड्यात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. तेव्हा सारी भिस्त बॅटरीवर. कीर्तनाच्या ऐन उत्तररंगात बॅटरी बसली, की बुवांचा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे पोहोचत नसे.

बॅटरीतील बरीचशी ऊर्जा जाते कोठे? ध्वनिवर्धकाच्या, म्हणजेच अॅम्प्लिफायरच्या, मागील तापलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना हात लावून पाहावा. जुन्या पद्धतीच्या मंडलात ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा काम करतो. त्याच्यावर दाब असतो, त्यातून प्रवाहही वाहतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे वाया गेलेली उष्णता. ‘क्लास ए’ मंडलाची कार्यक्षमता सिद्धांतानुसारही ५० टक्क्यांपुढे जात नाही. ‘क्लास बी’ची मर्यादा ७८.५ टक्के आहे. मात्र ही मर्यादा पूर्ण आवाजात गाठली जाते. बोलण्यात विराम असतात, चढउतार असतात. सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या एक अष्टमांश धरण्याचा प्रघात आहे. त्या पातळीवर आदर्श ‘क्लास बी’ची कार्यक्षमता २८ टक्क्यांवर घसरते.

‘क्लास डी’ची युक्ती वेगळी आहे. येथे मॉसफेट एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद. उघडा असताना त्याच्यावर दाब जवळजवळ नसतो, बंद असताना प्रवाह नसतो. साहजिकच उष्णता अल्प. ध्वनीचे रूपांतर सेकंदाला काही लाख वेळा येणाऱ्या, कमीअधिक रुंदीच्या स्पंदांत केले जाते आणि शेवटी कॉइल व कपॅसिटर त्यातून मूळ ध्वनी वेगळा काढतात. ब्रिटनच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ मध्येच असा संच बाजारात आणला होता. पण त्या काळचे ट्रान्झिस्टर या वेगाला पुरे पडले नाहीत. आज हेच काम नखाएवढी चिप करते.

आता हिशेब करू. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, की २४ व्होल्टला ४८० वॉट-तास मिळतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक उतरवली, तर तिचे आयुष्य घटते. म्हणून २४०च धरू. ब्रिज जोडणीत ४ ओहमच्या स्पीकरला कमाल ७२ वॉट, म्हणजे सरासरी ९ वॉट. ‘क्लास बी’ त्यासाठी ३२ वॉट खेचतो आणि साडेसात तास चालतो. ‘क्लास डी’ची कार्यक्षमता या हलक्या भारावर ८० टक्के मानली, तरी ११ वॉट पुरतात आणि बॅटरी एकवीस तास टिकते!

रचना करणाऱ्याची खरी परीक्षा बारकाव्यांत आहे. वरचा आणि खालचा मॉसफेट क्षणभरही एकदम उघडे राहिले, तर पुरवठाच शॉर्ट होतो. म्हणून दोहोंत सूक्ष्म विराम ठेवावा लागतो, आणि तो वाढला तर आवाज फाटतो. स्पंदांची वारंवारिता वाढवली, तर चालू-बंद होण्यातील नुकसान वाढते. कॉइलचा गाभा लहान निवडला, तर मोठ्या आवाजात तो संपृक्त होतो. मंडल आणि तारा नीट न मांडल्यास शेजारच्या रेडिओत खरखर येते ती वेगळीच.

गंमत अशी, की सर्वांत स्वस्त बचत अॅम्प्लिफायरमध्ये नाहीच. साध्या पेटीतील स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ९० डेसिबलच्या आसपास आवाज देतो, तर भोंगा १०० किंवा त्याहून अधिक. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट शक्ती. भोंग्याला खर्ज झेपत नाही, त्यामुळे पखवाजाची मजा जाते. पण निरूपण मांडवाच्या टोकापर्यंत स्पष्ट पोहोचते. बाजारातील खोक्यांवरील ‘पीएमपीओ’चे हजारो वॉटचे आकडे मात्र खुशाल दुर्लक्षावेत. विचारावे ते आरएमएस वॉट आणि स्पीकरची संवेदनशीलता.