अतिचंचल मूल : औषध की वर्तनोपचार?

अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार होय. तो आईवडिलांच्या लाडांचा परिणाम नव्हे. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी जाणवणारी असतील तरच हे निदान केले जाते. धर्मशिक्षणाच्या वर्गात चुळबुळ करणारे प्रत्येक मूल या व्याख्येत बसत नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

अमेरिकेतील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली उत्तेजक औषधाने अशी मुले स्थिरावतात, असे प्रथम नोंदविले. आज प्रामुख्याने वापरले जाणारे मिथिलफेनिडेट मेंदूतील डोपामिन व नॉरअॅड्रिनॅलिन यांचे कार्य वाढविते. भूक मंदावणे व झोप उडणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. भारतात ते अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते. चिठ्ठीविना ते मिळत नाही, आणि मिळूही नये.

या वादातील सर्वांत महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झाला. सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर चौदा महिने उपचार झाले. मूळ लक्षणांवर काटेकोर देखरेखीतील औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा प्रभावी ठरले. मात्र दोहोंची जोड दिलेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी पुरली व पालकांशी त्यांचे संबंधही सुधारले. तीन वर्षांनंतर मात्र गटांतील हा फरक उरला नव्हता. ‘गोळी की शिकवण’ हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो.

सहा वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालक-प्रशिक्षण, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे : एका वेळी एकच सूचना, चांगल्या वागणुकीला तत्काळ शाबासकी, दिवसाचा ठरलेला क्रम. मार देणे यात कोठेच बसत नाही.

पेण व नागोठणे यांच्या दरम्यानच्या कासूसारख्या गावातून तज्ज्ञाकडे वरचेवर जाणे म्हणजे रोजगार बुडविणे. गोळी तेवढी सोपी वाटते ती याचमुळे. परंतु वर्तनोपचाराचा बराचसा भाग घरी व शाळेतच करावयाचा असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीत या विकाराचा समावेश आहे. तसेच १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. औषध सुरू असल्यास मुलाची उंची, वजन व रक्तदाब यांची नियमित नोंद ठेवावी, आणि ते परस्पर बंद करू नये.