राज्य बुडाले, दप्तर राहिले

१८१८ मध्ये पेशवाई संपली. पुढे मोडी लिपीही व्यवहारातून गेली. तरीही पेशवे दप्तर पुण्यात सुरक्षित राहिले आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. राज्य बुडाले, दप्तर राहिले.

आपल्या काळात याच्या उलट घडले. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी मंडळींनी याहू ग्रुप्ससारख्या सेवांवर गणेशोत्सवाची आखणी केली, वर्गणीचा हिशेब ठेवला, वादही घातले. ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूने तेथे नवा मजकूर चढवणे बंद केले, पुढे जुना मजकूर हटवला आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच संपवली. याहू मात्र आजही आहे. कंपनी राहिली, दप्तर बुडाले.

गुगल वेव्हची कथा थोडी निराळी आहे. पत्र, संवाद आणि सामाईक मसुदा एकाच जागी आणणारे हे साधन २००९ मध्ये जाहीर झाले आणि एप्रिल २०१२ मध्ये बंद पडले. त्याची संगणकीय संहिता अपाचे फाउंडेशनकडे सोपवली गेली; पण पुरेसे हात न लाभल्याने २०१८ मध्ये तो प्रकल्पही निवृत्त झाला. म्हणजे संहिता खुली असणे पुरेसे नाही, सांभाळणाराही हवा.

येथे मानेसरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्समध्ये कंपनी कायदा राबवणारे अधिकारी घडतात. कंपनी गुंडाळायची तर अवसायक नेमला जातो, देणेकऱ्यांची यादी होते. चालू कंपनीलाही २०१३ च्या कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या ८ वर्षे जपाव्या लागतात. सरकारी कागदांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, आणि संगणकावर तयार झालेला मजकूरही त्याच्या कक्षेत येतो. परंतु कंपनी जिवंत ठेवून तिची एखादी सेवा तेवढी मिटवली, तर तेथील लोकांच्या लेखनाला अवसायक नसतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याचे नवल वाटत नाही. फुकट सेवेचा वापरकर्ता हा ग्राहक नसतो, देणेकरीही नसतो. त्याच्या आठवणी ताळेबंदात कोठेच दिसत नाहीत. म्हणून आपल्या मंडळांनी सामाईक कागदपत्रांची एक प्रत दरवर्षी स्वतःकडे उतरवून घ्यावी आणि ते काम एका पदाधिकाऱ्याच्या नावावर लावावे. पेशव्यांच्या दप्तरालाही सांभाळणारे कारकून होते.