दोष मिंकचा की आपला?

मिंक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो जुन्या सिनेमातल्या श्रीमंत बाईच्या अंगावरचा कोट! कोटाच्या आतलं जनावर मात्र सहसा आठवत नाही. मुंगसासारखं लांबुळकं, गडद तपकिरी, पाण्यात तरबेज. मूळचं उत्तर अमेरिकेतलं. ते आइसलँडला कसं पोचलं आणि पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट.

आइसलँडवर माणूस नवव्या शतकात वस्तीला गेला. त्याआधी तिथे जमिनीवर राहणारा सस्तन प्राणी एकच, आर्क्टिक कोल्हा. साप नाहीत, उंदीरसुद्धा नाहीत. त्यामुळे पक्ष्यांनी सगळा हिशोब कोल्ह्याला धरून मांडलेला. कोणी समुद्रातल्या छोट्या बेटांवर घरटी करायचे, कोणी खडकांच्या अरुंद फटीत अंडी घालायचे. कोल्हा तिथे फारसा पोचत नाही. हजारो वर्षं हा हिशोब चालला.

1931 साली फरच्या धंद्यासाठी तिथे मिंक आणले गेले. पुढच्याच वर्षी काही पळाले! 1937 मध्ये रेक्याविकजवळच्या एल्लिडा नदीकाठी रानातली पहिली वीण सापडली. मिंकला बेट म्हणजे काहीच अडचण नाही, तो पोहत जातो. आणि अंग सडपातळ, त्यामुळे फटीतही सहज शिरतो. थोडक्यात काय, कोल्ह्यासाठी लावलेली कुलपं या नव्या चोराला लागूच पडली नाहीत. 1975 च्या सुमारास तो देशभर पसरला होता.

सरकार गप्प बसलं नाही. 1951 मध्ये मिंकपालनावर बंदी आली. 1957 च्या कायद्याचं तर नावच ‘कोल्हे आणि मिंक यांच्या नायनाटाविषयी’. (घरचा कोल्हा आणि उपरा मिंक एकाच ओळीत! कोल्ह्यावर मेंढपाळांचा राग जुनाच.) मारलेल्या मिंकमागे बक्षीस मिळू लागलं. पण गंमत बघा, रानात बंदुका आणि सापळे चालू असतानाच 1970 च्या सुमारास पिंजऱ्यातलं मिंकपालन पुन्हा सुरू झालं. परकीय चलन कोणाला नको असतं?

सगळ्यात जास्त धास्तावले ते आयडर बदकं सांभाळणारे शेतकरी. ही बदकं रानटीच, पण माणसाच्या राखणीखाली घरटी करतात. मादी छातीची मऊ पिसं घरट्यात अंथरते, शेतकरी त्यातली काही उचलतो. साधारण साठ घरट्यांतून किलोभर पिसं निघतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा विश्वासाचा व्यवहार, आणि एखादा मिंक बेटावर शिरला की वसाहत उधळून लावतो.

एक पक्षी तर गेलाच. पाणकोंबडीच्या कुळातला वॉटर रेल. आइसलँडमध्ये त्याला ‘केल्दुस्विन’ म्हणतात, म्हणजे दलदलीतलं डुक्कर, कारण ओरडणं तसंच! कडक थंडीत तो गरम झऱ्यांच्या न गोठणाऱ्या काठांवर तग धरायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची वीण तिथून संपली. खापर मिंकवर फुटलं, आणि ते खोटंही नाही. पण दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी अनुदानावर चर खणून दलदली कोरड्या केल्या जात होत्या, हेही तितकंच खरं. मिंक दिसतो, त्याच्यावर बंदूक रोखता येते. चरावर कोण रोखणार?

2007 पासून दोन भागांत मिंक पूर्ण संपवता येतो का, याचा सरकारी प्रयोग झाला. साध्य झालं नाही. 2003 नंतर मात्र त्यांची संख्या बरीच घटली, आणि त्याचं श्रेय नुसत्या शिकाऱ्यांना देता येत नाही. समुद्रातलं खाणंच बदललं, असा अभ्यासकांचा कयास आहे.

आपण हसायला नको. 1872 मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला गेली होती, उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला. त्यांनी तिथल्या पक्ष्यांचं काय केलं, ते सर्वश्रुत आहे. ती कोणी चोरून नेली नव्हती, मिंकही कोणी वाईट हेतूने आणला नाही. प्रत्येक वेळी कोणाचा तरी साधा, सरळ फायदा होता. पिंजऱ्याचं दार उघडं राहायला एक क्षण लागतो, ते लावायला नव्वद वर्षंही पुरत नाहीत, एवढंच.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.