काकूंची जागा

गेल्या महिन्यात पुण्याहून पुतण्या सहकुटुंब आला होता. पाहुणे आले की आमच्या चंद्रपुरात एक ठरलेली फेरी असते. परकोट, महाकालीचं देऊळ आणि मग अचलेश्वराजवळच्या गोंड राजांच्या समाध्या. राजा बीरशहा मारला गेला, त्याच्यामागे राणी हिराईने दत्तक मुलाच्या नावाने राज्य चालवलं आणि नवऱ्याची ही देखणी समाधी बांधली, असं मी मास्तरकीच्या सवयीने सांगत होतो. पुतण्या मधेच म्हणाला, "काका, काकूंचं असं कुठे काही ठेवलं नाही का आपण?"

मी म्हटलं, "आपल्यात ठेवत नाहीत." हिच्या अस्थी मार्कंड्याला नेल्या होत्या. वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते, तिथे सोडल्या. त्यानंतर जाऊन उभं राहावं अशी जागा काही उरली नाही. भामरागडकडे माडिया लोक गेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. राणी समाधी बांधते. आपण मात्र नदीच्या पाण्यात सोडून मोकळे होतो.

पाहुणे गेल्यावर मला सोलापूरच्या कोटणीस कुटुंबाची आठवण झाली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस पुष्कळांना ठाऊक आहेत ते व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या सिनेमामुळे. हा माणूस आपल्यापैकीच, चालीरीती आपल्याच, पण त्याच्या घरच्यांना आठवण काढायला परदेशी जावं लागलं.

जपानने चीनवर आक्रमण केलं होतं. १९३८ साली काँग्रेसने तिकडे पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, ही गोष्ट विदर्भातही फारशी कुणाला माहीत नसते. अटल, मुखर्जी, बसू हे बाकीचे तिघे. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीने निघालं. कोटणिसांचं वय तेव्हा सत्तावीस. चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली, तरी ते परतले नाहीत. बाकीचे चौघे एकेक करून मायदेशी आले. कोटणीस आघाडीजवळच्या मुलखात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, चिनी भाषा शिकले आणि १९४१ साली डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, फेफऱ्याच्या विकाराने डॉक्टर गेले. वय बत्तीस.

त्यांना तिथेच पुरलं. पुढे शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांचं स्मारक झालं. बेथ्यूनचंही तिथेच आहे. चिनी लोक एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगला पूर्वजांची थडगी झाडून-पुसून फुलं वाहतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येसारखाच हा दिवस. कोटणिसांच्या स्मारकालाही तिथले लोक फुलं वाहतात. म्हणजे सोलापूरच्या या मुलाचं श्राद्ध, म्हटलं तर, परके लोक घालतात.

मग घरचे लोक तिथे गेले. त्यांच्या भगिनी चीनला जाऊन आल्या. क्वो छिंगलानही सासरी म्हणून अनेकदा भारतात आल्या. मधे १९६२ चं युद्ध झालं. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. आईने बोटातली अंगठी संरक्षण निधीला दिली, ते मला चांगलं आठवतं. युद्धानंतरच्या वर्षांत आमच्या भद्रावतीजवळ दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. आमच्या लेखी चिनी म्हणजे शत्रू, विषय संपला. त्याच वेळी एका मराठी घरातल्या लोकांचा भाऊ सरहद्दीपलीकडे मातीत होता, वहिनी पलीकडे होती आणि दोन्ही देशांचं नाव लावणारा वीस वर्षांचा भाचरू पलीकडे होता. त्यांनी ती अंगठी द्यायची की नाही, याचा विचार मी आता म्हातारपणी करतो. १९६७ मध्ये तो यिन्हुआही गेला, वैद्यकीय शिक्षण पुरं होत आलेलं असताना. तरी येणंजाणं तुटलं नाही. २०१२ साली क्वो छिंगलान शहाण्णव वर्षांच्या होऊन वारल्या. २०१३ मध्ये चीनचे पंतप्रधान मुंबईत आले, तेव्हा डॉक्टरांच्या वृद्ध भगिनीला आवर्जून भेटले.

मला वाटतं, ती मंडळी काही नुसता दगड बघायला एवढ्या दूर गेली नसतील. ज्या लोकांत आपला माणूस राबला, ज्यांनी त्याला शेवटचं पाहिलं, त्यांना भेटायला गेली असतील. समाधी हे फक्त भेटीचं ठिकाण. खरी ओढ माणसांची.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट कबूल करून टाकतो. आमची ही धानोऱ्याकडच्या एका गावात नऊ वर्षं परिचारिका होती. पावसाळ्यात नाला भरला की पलीकडच्या गावात अडकायची, तिथेच बाळंतपणं करायची. ती गेल्यापासून मी त्या रस्त्याला गेलो नाही. बदलीची जागा ती, आपलं काय तिथे, असं म्हणत टाळत आलो. खरं म्हणजे तिला ओळखणारं कुणी भेटलं तर मला बोलवणार नाही, ही भीती.

कोटणिसांच्या बहिणी परक्या देशात, परक्या भाषेत भेटून आल्या. मला तर एस.टी.चं तिकीट तेवढं काढायचं आहे. पुतण्याला फोन करून सांगितलं, दिवाळीत ये, काकूंची जागा दाखवतो. तो म्हणाला, "मार्कंड्याला?" म्हटलं, नाही, धानोऱ्याकडे.

जाऊन आलो की लिहीनच. असो.